नुसता फोन पुरत नाही, शाळेला ईमेल करा

या वेळचं पत्र थोडं लहान करून देते आहे. नाव-गाव अर्थातच गाळलंय.

“माझा मुलगा सातवीत आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही नाशिकहून न्यू जर्सीत आलो. यंदा शाळा सुरू झाल्यापासून वर्गातल्या पाच-सहा मुलांनी त्याला एका ग्रुप चॅटमध्ये घेतलंय, आणि घेतलंय ते टिंगल करायलाच. तो वर्गात बोलला की त्याचे उच्चार रेकॉर्ड करून टाकतात. डब्याचा चोरून फोटो काढतात आणि खाली ओकारीचे इमोजी. परवा रात्री त्याचा चेहरा कॉल सेंटरवाल्याच्या चित्रावर चिकटवला आणि लिहिलं, ‘परत जा’. आता तो कॅफेटेरियात जात नाही, लंचला लायब्ररीत जाऊन बसतो. सकाळी पोट दुखतं म्हणतो. यात सगळ्यात पुढे असलेला मुलगा मराठीच आहे. त्याची आई आणि मी मंडळाच्या गणपतीत एकत्र मोदक वळतो. एकदा माझ्या मुलानेही चिडून तिथे घाणेरडी शिवी लिहिली, तेही खरं. मी शाळेत फोन केला तेव्हा काउन्सेलर फार गोड बोलल्या, ‘लक्ष ठेवतो’ म्हणाल्या. त्याला पंधरवडा झाला. मिस्टर म्हणतात, आपण ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत, नसती भानगड नको, मी त्याच्या बाबांशी बोलून मिटवतो. मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून आहे, इंग्रजी जेमतेम. इथे याविरुद्ध कायदा आहे म्हणतात. खरंच आहे का? आणि असला तर आमच्यासारख्यांना तो लागू होतो का?”

नमस्कार.

कायदा आहे, तुम्हाला लागू होतो, आणि न्यू जर्सीचा कायदा या देशातल्या कडक कायद्यांमध्ये मोजला जातो. पण त्याची सगळी मदार कागदावर आहे. तुमचा तो फोन, काउन्सेलरबाईंचं गोड बोलणं, ‘लक्ष ठेवतो’चं आश्वासन, यातलं काहीही उद्या कुणी नाकारलं तर तुमच्या हातात काय उरतं? म्हणून बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण आज रात्री शाळेला ईमेल करा. प्रिन्सिपलच्या नावाने, काउन्सेलरला सीसी. आणि मिस्टरांनी त्या मुलाच्या बाबांना फोन लावायच्या आत.

आता हा कायदा काय आहे ते सांगते. न्यू जर्सीत २००२ पासूनच बुलिंगविरोधी कायदा होता, पण तो बराच मोघम होता. सप्टेंबर २०१० मध्ये रटगर्स विद्यापीठातल्या टायलर क्लेमेंटी या पहिल्या वर्षाच्या मुलाने जीव दिला. त्याच्या रूममेटने वेबकॅम लावून त्याच्या खासगी क्षणांवर नजर ठेवली होती. तो रूममेट भारतीय वंशाचा होता, हे मी मुद्दाम सांगतेय. ‘आपली मुलं असलं काही करत नाहीत’ असं मंडळात कुणी म्हणालं तर लक्षात असू द्या. नव्या कायद्याची तयारी आधीपासून चालू होती, त्या घटनेने तिला वेग आला. नोव्हेंबरात दोन्ही सभागृहांनी मंजुरी दिली, जानेवारी २०११ मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी सही केली आणि सप्टेंबर २०११ पासून तो लागू झाला. कायद्याचं नाव अँटी-बुलिंग बिल ऑफ राइट्स ॲक्ट. शाळेत मात्र सगळे एचआयबी म्हणतात: हॅरॅसमेंट, इंटिमिडेशन, बुलिंग. ईमेलमध्ये तुम्हीही हीच तीन अक्षरं घाला. ‘माझ्या मुलाला त्रास होतोय’ या वाक्याकडे कानाडोळा करता येतो. ‘ही एचआयबीची तक्रार आहे’ म्हटलं की शाळेला घड्याळ लावावंच लागतं.

आपल्याकडचा १९९९ चा रॅगिंगबंदीचा कायदा आठवून तुम्हाला वाटत असेल की इथेही पोलीस, कोर्ट, कैद असंच सगळं असणार. महाराष्ट्राच्या त्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे, म्हणजे तो मुळात फौजदारी. न्यू जर्सीचा हा कायदा त्या जातीचा नाही. त्याने सगळा भार शाळेवर टाकलाय: कुणी, किती दिवसांत, काय करायचं आणि कुणाला कळवायचं. तुमच्या एका ईमेलने त्या मुलाच्या दारात पोलीस जाणार नाहीत. ही भीती मनातून आधी काढून टाका. मिस्टरांनाही सांगा.

घड्याळ कसं चालतं ते बघा. समजा, सोमवारी सकाळी तुमचं ईमेल पोचलं. ज्या कर्मचाऱ्याला असं काही कळतं त्याने त्याच दिवशी प्रिन्सिपलना तोंडी सांगायचं असतं आणि शाळेच्या दोन दिवसांत लेखी द्यायचं असतं. (म्हणजे काउन्सेलरबाईंनीही तुमच्या फोननंतर हे करायला हवं होतं. केलं असेल तर उत्तमच. तुम्हाला ते कुणी सांगितलेलं नाही.) प्रिन्सिपलनी एका दिवसात चौकशी सुरू करायची. चौकशी करणारी व्यक्ती म्हणजे शाळेचा अँटी-बुलिंग स्पेशालिस्ट. प्रत्येक शाळेत तो नेमावाच लागतो आणि बहुतेक ठिकाणी काउन्सेलरच ते काम करतात. लेखी तक्रारीपासून शाळेच्या दहा दिवसांत चौकशी संपवायची, पुढच्या दोन दिवसांत अहवाल सुपरिंटेंडंटकडे, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या सगळ्या शाळांच्या प्रमुखाकडे, तिथून लगेचच्या बैठकीत शाळा मंडळाकडे, म्हणजे बोर्डाकडे. बोर्डाला कळल्यावर पाच दिवसांत तुम्हाला लेखी कळवायचं: चौकशी कशाची झाली, पुरावा मिळाला का, शिस्तीची कारवाई किंवा आणखी काही मदत दिली का.

हे सगळे ‘शाळेचे दिवस’ आहेत, हे विसरू नका. नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांच्या संमेलनासाठी शाळा बंद असतात, मग थँक्सगिव्हिंग, काही डिस्ट्रिक्टमध्ये आता दिवाळीचीही सुट्टी. कागदावरचे दहा दिवस कॅलेंडरवर तीन आठवडे होऊन बसतात. शिवाय बोर्डाची बैठक कधी आहे यावरही अवलंबून. सगळं मिळून महिना-दीड महिना धरा. मिस्टरांना हे काम द्या: शाळेचं कॅलेंडर छापून त्यावर हे सगळे दिवस खुणा करून फ्रिजवर लावायचं.

आता ईमेलमध्ये काय लिहायचं. इथे माझं उत्तर जरा लांबेल, कारण आपली माणसं नेमकी इथेच चुकतात.

कायद्याच्या व्याख्येचा गाभा असा की त्रास देण्यामागे त्या मुलाची काहीतरी ओळख असावी लागते: वंश, रंग, धर्म, मूळ देश, लिंग, लैंगिक ओळख, अपंगत्व किंवा त्याला इतरांहून वेगळं ठरवणारी दुसरी कुठलीही गोष्ट. खरी किंवा समजलेली, दोन्ही चालतात. एकच प्रसंग असला तरी पुरतो. पण दोन मुलांचं बास्केटबॉलवरून वाजलं आणि नंतर एकमेकांना नावं ठेवत बसली, तर शाळा म्हणणार, हे भांडण आहे, एचआयबी नाही. आणि बऱ्याचदा ते बरोबरही असतं. शिवाय तुमच्या डिस्ट्रिक्टच्या धोरणात तशी सोय असेल, तर प्रिन्सिपल चौकशीआधीच म्हणू शकतात की तक्रारीतली प्रत्येक गोष्ट खरी धरली तरी ती व्याख्येत बसत नाही. म्हणजे ते निर्णय घेणार तुमच्या शब्दांवरून. तुम्ही ‘मुलं चिडवतात, तो फार दुखावलाय’ एवढंच लिहिलं, तर तुमचीच केस तुम्ही कच्ची केली.

हे नका लिहू: “माझ्या मुलाला काही मुलं ग्रुपमध्ये खूप त्रास देतात. तो रडतो. कृपया काहीतरी करा.”

हे लिहा: “ही एचआयबीची तक्रार आहे. माझा मुलगा भारतात जन्मलेला आहे. अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक ॲपवरच्या ग्रुप चॅटमध्ये अमुक विद्यार्थ्याने त्याचा चेहरा कॉल सेंटरच्या चित्रावर लावून ‘परत जा’ असं लिहिलं. अमुक आठवड्यात वर्गात त्याच्या उच्चारांची नक्कल रेकॉर्ड करून त्याच ग्रुपमध्ये टाकली. कॅफेटेरियात त्याच्या भारतीय जेवणाचा फोटो काढून त्याखाली किळस दाखवणारी चिन्हं टाकली. हा त्रास त्याच्या मूळ देशावरून, उच्चारांवरून आणि जेवणावरून होतोय. त्यामुळे तो लंचला कॅफेटेरियात जात नाही, सकाळी शाळेला निघताना त्याचं पोट दुखतं. सोबत स्क्रीनशॉट जोडले आहेत. मी अमुक तारखेला फोन करून काउन्सेलरना हे सांगितलं होतं.”

बघा, दुसऱ्या ईमेलात एकही विशेषण नाही. तुमचा राग, तुमचं रडू, ‘आमच्या संस्कृतीत असं चालत नाही’, हे सगळं घरी ठेवा. इंग्रजी साधंच असू द्या, व्याकरण चुकलं तरी चालेल. पण मुलाकडून भाषांतर करून घेऊ नका. आपल्याला काय काय म्हणाले ते त्याने आईसाठी पुन्हा टाइप करत बसायचं, ही शिक्षा त्याला नको. मीटिंगला बोलावलं तर दुभाषा मागा. इंग्रजी कमी येणाऱ्या पालकांना समजेल अशा भाषेत माहिती देणं हे शाळेचं केंद्रीय कायद्याखालचं काम आहे. मराठी दुभाषा बऱ्याचदा फोनवरूनच मिळतो, पण मिळतो.

राज्याचा एक ठरलेला फॉर्मही आहे, एचआयबी ३३८ म्हणतात. पालकांना तो ऑनलाइन भरायची सोय डिस्ट्रिक्टने ठेवावी लागते. तो जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या दुरुस्तीतून आला. रॉकअवे टाउनशिपमधल्या मॅलरी ग्रॉसमन या बारा वर्षांच्या मुलीने सहाध्यायांच्या छळानंतर २०१७ मध्ये जीव दिला, तिच्या नावाने हा कायदा ओळखला जातो. त्याने दोन-तीन गोष्टी चांगल्या केल्या. तक्रार व्याख्येत बसत नाही असं प्रिन्सिपलनी ठरवलं तरी तो फॉर्म भरून फाइलला ठेवावाच लागतो आणि सुपरिंटेंडंट तो निर्णय फिरवून चौकशी करायला लावू शकतात. एकाच मुलाची पुन्हा पुन्हा प्रकरणं झाली तर कारवाई चढत जाते, तिसऱ्यांदा त्याच्यासाठी सुधारणेचा आराखडाच करावा लागतो. कोर्टाने सायबर छळाबद्दल दोषी ठरवलेल्या सोळा वर्षांखालच्या मुलाच्या पालकांना वर्गाला जायला सांगितलं आणि ते गेले नाहीत, तर दंड आधी २५ डॉलर होता तो १०० झाला, पुढच्या वेळचा १०० होता तो ५०० झाला. दंडाचं आकर्षण मला फारसं नाही. फॉर्मचं आहे.

तुम्ही म्हणाल, हे सगळं रात्री, घरी, त्यांच्या फोनवर चाललंय. शाळा म्हणेल आमचा काय संबंध? निदान तसं म्हणून तरी बघेल. कायद्यात इलेक्ट्रॉनिक संदेश स्पष्ट आहेत आणि शाळेबाहेरचे प्रकारही येतात, पण त्याचा परिणाम शाळेच्या कामकाजावर किंवा दुसऱ्या मुलांच्या हक्कांवर व्हायला हवा. शाळेबाहेरच्या बोलण्याबद्दल शाळांना हात आखडता घ्यावा लागतो तो सुप्रीम कोर्टामुळेही. २०२१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या महानॉय डिस्ट्रिक्टच्या प्रकरणात चीअरलीडिंगच्या मुख्य टीममध्ये जागा न मिळाल्यामुळे स्नॅपचॅटवर शिवीगाळ करणाऱ्या मुलीच्या बाजूने कोर्टाने आठ विरुद्ध एक असा निकाल दिला. पण त्याच निकालात असंही म्हटलं की एखाद्या व्यक्तीला लक्ष्य करणाऱ्या गंभीर बुलिंगमध्ये शाळा शाळेबाहेरही हात घालू शकते. म्हणून ‘लंचला लायब्ररीत बसतो’ हे वाक्य तुमच्या ईमेलमधलं फार मोलाचं आहे. रात्रीचा चॅट आणि दुपारचं कॅफेटेरिया यांना जोडणारं ते वाक्य आहे. गेल्या महिन्यात किती वेळा उशिरा गेला, किती दिवस घरी राहिला, नर्सकडे गेला का, बस टाळून तुम्हाला सोडायला लावलं का, तेही लिहा.

पुरावा. आज रात्री मुलाजवळ बसा आणि चॅट सुरुवातीपासून वर सरकवत नेऊन स्क्रीनशॉट काढा. युजरनेम, तारीख, वेळ दिसली पाहिजे; नुसता मजकूर कापून ठेवलेला उपयोगाचा नाही. स्नॅपचॅट असेल तर स्क्रीनशॉट काढल्याचं समोरच्याला कळतं, तेव्हा तुमच्या फोनने त्याच्या फोनचा फोटो काढा. सगळं एका ड्राइव्ह फोल्डरमध्ये. हे स्क्रीनशॉट मावशीला, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, ‘बघा इथे काय चाललंय’ म्हणून एकालाही पाठवायचे नाहीत. दुसऱ्यांच्या अल्पवयीन मुलांची नावं त्यात आहेत, आणि तुमच्या मुलाचा तो विद्रूप केलेला फोटोही. मुलाने ग्रुप सोडायचा की नाही, ते पुरावा झाल्यावर त्याला ठरवू द्या.

आणि कृपा करून त्याचा फोन काढून घेऊ नका. मी काही वर्षं आमच्या इथल्या एका शाळेच्या सेफ्टी टीमवर पालक म्हणून बसले आहे. कायद्याप्रमाणे त्या टीमवर एक पालक असतो, पण एकेका मुलाची प्रकरणं त्याच्यासमोर येत नाहीत, तेव्हा तिथली गुपितं मला ठाऊक नाहीत. मुलं आई-बाबांना का सांगत नाहीत यावर मात्र तिथे पुष्कळ बोलणं व्हायचं, आणि पहिलं कारण ठरलेलं: ‘सांगितलं तर फोन जाईल.’ तुमच्या मुलाने तुम्हाला सांगितलंय. त्याचं बक्षीस म्हणून फोन जाता कामा नये.

त्याने लिहिलेल्या शिवीचं काय? ती लपवायची नाही. तुमच्या ईमेलमध्येच एक ओळ घाला: अमुक तारखेला त्यानेही चिडून एक अपशब्द लिहिला, आम्ही त्याला त्याबद्दल बोललो आहोत. नाहीतर चौकशीत दुसऱ्या बाजूकडून तो स्क्रीनशॉट पहिल्यांदा पुढे येईल, आणि मग ‘दोघंही सारखेच’ म्हणून प्रकरण भांडणाच्या खात्यात जाईल. त्याची शिवी कुणाच्या जातीधर्मावरून किंवा शरीरावरून असेल, तर त्याच्यावरही एचआयबीची तक्रार होऊ शकते, हे तुम्हाला माहीत असलेलं बरं. कायदा तुमच्या मुलासाठी आहे तसाच समोरच्या मुलासाठीही.

आता तो मराठी मुलगा आणि त्याचे आई-बाबा. मिस्टरांचा विचार मला कळतो. आपल्याकडे गल्लीतली भांडणं अशीच मिटायची, आणि बरीचशी चांगली मिटायची. पण इथे काय होईल ते बघा. फोन गेला की बाबा आधी मुलाला विचारणार, मुलगा ‘मस्करी केली’ म्हणणार आणि खोलीत जाऊन चॅट पुसणार. पाच-सहा जणांच्या ग्रुपमध्ये अर्ध्या तासात सगळ्यांना कळणार. बाबा जरा तापट असले तर उद्या शाळेत त्यांचंच ईमेल आधी पोचेल, ‘आम्हाला धमकीचा फोन आला’ म्हणून. म्हणजे संध्याकाळी चांगल्या हेतूने केलेल्या एका फोनने तुम्ही पुरावा घालवला, आणि तक्रारदार कोण हेही उलटंपालटं केलं. कायद्याप्रमाणे प्रकरणातल्या सगळ्या मुलांच्या पालकांना शाळाच कळवते. तो फोन शाळेला करू द्या. ‘मस्करी केली’ ही सबब इथे तशीही फार टिकत नाही. समजूतदार माणसाला कळायला हवं की यातून समोरच्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होईल, या कसोटीवर ते बघतात.

मोदक वळणाऱ्या मैत्रिणीचं तुमच्या मनाला लागलंय, हे पत्रातून दिसतं. ती स्वतः फोन करेल, बहुधा करेलच. तेव्हा एवढंच म्हणा: “शाळा बघते आहे, ते होईपर्यंत आपण मुलांबद्दल नको बोलूया.” तिने माफी मागितली तर घ्या. तिने ‘तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती’ म्हटलं, तर ऐकून घ्या आणि फोन ठेवा. मंडळाच्या अध्यक्षांना मध्यस्थीला बोलावणं, ही तर माझी हात जोडून विनंती आहे, अजिबात नको. ढोल-ताशाच्या सरावाला दोन्ही मुलं एकत्र येत असतील तर मुलाला विचारा त्याला जायचंय का. तो ‘जायचंय’ म्हणाला तर पाठवा, तुम्ही तिथे थांबा.

ग्रीन कार्ड. सरकारी शाळेत एचआयबीची तक्रार करणं आणि तुमची इमिग्रेशनची फाइल यांचा काही संबंध नाही. १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो या निकालापासून सरकारी शाळेचं दार इमिग्रेशनची कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही बंद करता येत नाही. तुम्ही तर रीतसर व्हिसावर आहात. तक्रार केली म्हणून कुणी सूड उगवला तर त्यालाही हाच कायदा मनाई करतो. मिस्टर वर्षानुवर्षं त्या रांगेत उभे आहेत, प्रत्येक सरकारी पाकिटाला त्यांच्या पोटात गोळा येत असणार, हे मी समजू शकते. पण हे पाकीट ते नव्हे. उलट त्रास मूळ देशावरून होत असल्यामुळे तुमच्याकडे आणखी दोन दारं आहेत: १९६४ च्या केंद्रीय सिव्हिल राइट्स ॲक्टमधलं टायटल सिक्स (वंश, रंग, मूळ देशावरून होणाऱ्या भेदभावाला मनाई करणारा भाग), आणि न्यू जर्सीचं डिव्हिजन ऑन सिव्हिल राइट्स, म्हणजे भेदभावाच्या तक्रारी घेणारं राज्याचं खातं. या दुसऱ्या ठिकाणी घटनेपासून १८० दिवसांत जावं लागतं. आज तिथे जायची गरज नाही. पण शेवटच्या स्क्रीनशॉटची तारीख धरून ते १८० दिवसही फ्रिजवरच्या कॅलेंडरवर मांडा.

निकाल लागेपर्यंत वाट बघत बसायचं, असंही नाही. त्याच ईमेलमध्ये शेवटी मागा: लंचला बसायला एक ठरलेली सुरक्षित जागा, पण लायब्ररीत एकटं नाही, वर्गात त्या मुलांपासून दूरची जागा, आणि दिवसात कधीही ज्याच्याकडे जाता येईल असा एक मोठा माणूस, नावानिशी. याला चौकशी पूर्ण व्हावी लागत नाही. आणि मुलाचं पोट दुखणं नुसतं शाळेपुरतं उरलं नाही, झोप गेली, आवडीचं सगळं सोडलं, ‘मी नसतो तर बरं’ असं काही बोलला, तर ईमेल-बिमेल बाजूला. ९८८ या आत्महत्या रोखण्यासाठीच्या हेल्पलाइनवर फोन किंवा मेसेज करा, चोवीस तास चालू असतो, आणि पीडियाट्रिशियनना त्याच दिवशी गाठा. असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेलं खूळ शिरेल, ही भीती बाळगू नका. सरळ विचारा.

समजा निकाल ‘एचआयबी नाही’ असा आला. होतं असं, कधी कधी चौकशी बरी झालेली असतानाही. तरी शाळेच्या आचारसंहितेखाली त्या मुलांवर कारवाई होऊ शकते, ती मागा. बोर्डासमोर सुनावणी मागता येते. लेखी निकाल मिळाल्यापासून ६० दिवसांत मागायची, आणि मागितल्यावर दहा दिवसांत ती बंद दाराआड व्हायला हवी. बोर्ड निर्णय कायम ठेवतं, फिरवतं किंवा बदलतं. त्यावरही समाधान नसेल तर ९० दिवसांत राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे अपील. इथपर्यंत गेलात तर मात्र वकील बघा. आणि निकाल तुमच्या बाजूने लागला तरी त्या मुलाला नेमकी काय शिक्षा झाली, ते तुम्हाला सांगणार नाहीत. विद्यार्थ्याची माहिती गुप्त ठेवावी लागते. तुम्हाला कळेल ते एवढंच की कारवाई झाली. हे अनेक पालकांना पचत नाही, भांडायला जातात. जाऊ नका. उद्या तुमच्या मुलाची ती शिवी चव्हाट्यावर येऊ नये असं तुम्हालाही वाटतंच ना?

इतर राज्यांतल्या वाचकांसाठी थोडक्यात. देशभर लागू असा बुलिंगचा वेगळा केंद्रीय कायदा नाही, राज्याराज्यांचे आहेत. जॉर्जियाने १९९९ मध्ये सुरुवात केली, मोंटाना २०१५ मध्ये सगळ्यात शेवटी आलं, आता पन्नासही राज्यांत आहेत. न्यू यॉर्कचा डिग्निटी फॉर ऑल स्टुडंट्स ॲक्ट जुलै २०१२ पासून चालू आहे, वर्षभराने त्यात सायबरबुलिंगही आलं. टेक्सासमध्ये २०१७ चा डेव्हिड्स लॉ आहे. मुदती आणि व्याख्या सगळीकडे वेगळ्या, तेव्हा न्यू जर्सीचे दहा दिवस डॅलसच्या प्रिन्सिपलना ऐकवू नका. आपल्या डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवरचं धोरण आधी वाचा. मूल खासगी शाळेत असेल तर न्यू जर्सीतही हा कायदा सक्तीचा नाही, शाळेचे स्वतःचे नियम बघावे लागतील. सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या चार्टर शाळांना मात्र लागू आहे.

तर ताई, लेकाला जेवायला घाला, चॅट वर सरकवत न्या, आणि ईमेल पाठवा. पाठवलेल्या ईमेलची पीडीएफ काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. यापुढे शाळेतून कुणाचाही फोन आला तर नीट बोला, आभार माना, आणि फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत दोन ओळी लिहून पाठवा: “आत्ता आपलं बोलणं झालं, त्यात तुम्ही असं असं सांगितलंत. माझ्या समजण्यात काही चूक असेल तर कळवा.”